तळ्याकाठचा नमस्कार

राजस पालथा पडायला शिकला, हुंकार द्यायला शिकला, आणि मग हळूहळू ते सगळं विसरला. झोपेतून उठला की त्याचे दोन्ही हात एकदम वर उडायचे, मान पुढे झुकायची. क्षणभर थांबून पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख काढला, औषध सुरू केलं. झटके कमी झाले, थांबले नाहीत. "चालेल का, बोलेल का, आत्ता सांगता येणार नाही," असं त्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, की त्याच्या आईला, संपदाला, जे कळायचं ते कळलं.

तिच्या नवऱ्याने, सुश्रुतने, पुण्यात घरी कुणालाच काही सांगितलं नाही. "बाबांची बायपास झालीये, आई एकटी काय काय बघेल? बरा झाला की सांगू," असं म्हणून त्याने विषय मिटवला. तेव्हापासून व्हिडिओ कॉल व्हायचे ते राजस झोपलेला असताना. "किती झोपाळू आहे गं," म्हणून आई तिकडून कौतुक करायच्या.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात त्यांच्या शेजारी नोई राहायची. थायलंडची, डच माणसाशी लग्न करून इथे आलेली, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेली. तिने एकदा कुंपणापलीकडून राजसचे झटके पाहिले होते. तिने काही विचारलं नाही, पण तेव्हापासून अधूनमधून ती सूप आणून द्यायची. नोव्हेंबरातल्या पौर्णिमेला त्यांचा सण होता. पानाफुलांची छोटी नाव करून, दिवा लावून ती पाण्यात सोडायची. नोईने संपदाला स्वयंपाकघरात बसवून केळीची पानं दुमडायला शिकवलं. शेवटी म्हणाली, "बाळाचे थोडे केस ठेव यात. नखंही. नको असलेलं पाण्याबरोबर जातं, असं आमच्याकडे म्हणतात." संपदाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तिने केस कापले.

संध्याकाळी गावाबाहेरच्या तळ्याकाठी बरीच थाई मंडळी जमली होती. अंगावर रेशीम आणि वरून जाड जॅकेटं. सुश्रुत बऱ्याच दिवसांनी खुशीत होता. बाबागाडीत राजस गाढ झोपलेला पाहून त्याने लगेच फोन लावला.

"आई, जागी आहेस ना? बघ, इथेही दिवे सोडतायत."

"अरे वा! आज आपलीही त्रिपुरी पौर्णिमा. मी आत्ताच अंगणातले दिवे पाहून आत आले. राजसला दाखव की."

त्याने फोन बाबागाडीवर धरला. नेमका तेव्हाच कुणीतरी ढोल वाजवला आणि राजसने डोळे उघडले. हात वर उडाले, मान झुकली. पुन्हा उडाले, पुन्हा झुकली.

"अगं बाई, नमस्कार करतोय! पाण्याला नमस्कार करतोय माझा सोन्या," आई म्हणाल्या. शेजारच्या दोन थाई बायकाही वाकून हसल्या आणि त्यांनी राजसला हात जोडले.

"हो आई, करतोय," सुश्रुत म्हणाला. त्याने फोन हलवला नाही.

राजस झुकतच राहिला. संपदाने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, तो नमस्कार नाही. ते झटके आहेत. उन्हाळ्यापासून येतायत."

तिकडून फोन बंद झाला.

"आजच सांगायचं होतं तुला?" सुश्रुत म्हणाला.

"मग कधी? त्याच्या मुंजीत?"

तो गाडीकडे निघून गेला. झटके थांबल्यावर राजस नेहमीसारखा रडायला लागला. नोईने त्याला खांद्यावर घेतलं. "जा, सोडून ये," ती म्हणाली. संपदाने नाव पाण्यावर ठेवली. वाऱ्याने ती काठाच्या लव्हाळ्यात अडकली. तळ्यात कचरा राहता कामा नये अशी नगरपालिकेची अट होती, त्यामुळे थोड्या वेळाने गमबूट घातलेला एक माणूस जाळं घेऊन आला. त्याने बाकीच्या नावांबरोबर तीही उचलली आणि काळ्या पिशवीत टाकली.

घरी जाताना गाडीत फोन वाजला. सुश्रुतने हात लावला नाही, संपदाने उचलला.

"दुखतं का गं त्याला?" आईंनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही म्हणतात. नंतर रडतो."

आई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी येते. व्हिसाचं बघा. पण ह्यांना काही बोलू नका. मी सांगेन, तुला बाळाच्या कामात मदत हवीये म्हणून."

"आई, बाबांना कळायला हवं."

"कळेल गं. जरा बरा होऊ दे."

संपदाने शेजारी पाहिलं. सुश्रुत रस्त्यावर नजर लावून गाडी चालवत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मागच्या सीटवर राजस रडून रडून थकला होता.

"बरं," संपदा म्हणाली.