नायिका रडते

शाळेतल्या मुली तिला खोडरबर म्हणत, कारण तिच्या तासाला खोडरबर वापरायची बंदी होती. "रेघ चुकली तर चुकली, तिचंच नाक करा," असं ती सांगायची. सकाळी ती चित्रकला शिकवी आणि दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका साप्ताहिकातल्या कादंबरीची चित्रं काढी. शाळेत तिला कुणी फारसं मोजत नसे; गणिताच्या बाईंना हवा असला की तिचा तास खुशाल उचलून देत. साप्ताहिकातलं ते पान मात्र तिचं होतं आणि त्यात तिचा जीव अडकला होता.

त्या काळी चित्र छापायचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायला वेळ लागे. म्हणून चित्र आधी छापखान्यात जाई, मजकूर मागाहून. कादंबरीकार मोठे नावाजलेले आणि त्याहून मोठे आळशी. चित्रापुरती एक ओळ ते फोनवर कळवत, आणि ती ओळ दर आठवड्याला एकच असे: "नायिका रडते."

खोडरबरने नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेल्या त्या नायिकेला खिडकीशी रडवलं, जिन्यात रडवलं, उशीत तोंड खुपसून रडवलं. समोर बसायला थोरली बहीण होती. एका दुपारी तिने उशी भिरकावली.

"अगं, पुरे की आता! हिला दुसरा काही उद्योग नाही का? माझी मान आखडली."

"मग मी काय काढू?"

"काय वाट्टेल ते काढ. मी चालले बाजारात."

बहीण सायकलवर टांग टाकून हसत निघाली. खोडरबरने खिडकीतून पाहिलं आणि तिला तशीच कागदावर उतरवली. वय तेवढं निम्मं केलं. चित्र पाठवूनही दिलं.

नेमका त्याच आठवड्यात कादंबरीकारांनाही नायिकेचा कंटाळा आला आणि त्यांनी तिला नदीत बुडवली. मजकूर आला तेव्हा ब्लॉक बदलायला वेळ नव्हता. अंक निघाला: खाली नायिकेला जलसमाधी, वर तीच सायकलवर, बत्तीशी दाखवत.

संपादकांचं तातडीचं बोलावणं आलं. "माझ्यामुळे काम गेलं म्हणू नकोस हं," बहीण म्हणाली, "काढलंस तूच."

कचेरीचा जिना चढतानाच कादंबरीकारांचा आवाज ऐकू आला.

"एक तर ह्या बाई राहतील, नाहीतर मी! मी नायिकेला मारतोय आणि ह्या तिला फिरायला नेतायत!"

"तुम्ही ती रडते असं कळवलं होतंत," खोडरबर दारातूनच म्हणाली. "बुडणार हे मला कसं कळावं?"

"रडतच बुडली ती!"

संपादक इतका वेळ चहा ढवळत होते. "सकाळपासून फोन थांबत नाहीये," ते म्हणाले. "लोक विचारतायत, ती वाचली कशी?"

"वाचली कुठे? मेली! मी स्वतः लिहिलंय."

"अहो, पण लोकांनी तिला पाहिलंय ना. तुमचं लिहिणं नंतर वाचतात." संपादकांनी कप खाली ठेवला. "कोणाला तरी काढायचंच असेल, तर लिहिणारे मला पुष्कळ मिळतील."

कादंबरीकार धपकन खुर्चीत बसले.

"पण तिला पोहता येत नाही," ते अखेर पुटपुटले. "पहिल्याच प्रकरणात लिहून बसलोय मी."

"शिकली असेल गुपचूप," खोडरबर म्हणाली. "घरात बसून दुसरं काय करणार होती?" तिने खुर्ची ओढून घेतली, पिशवीतून कागद काढला आणि पेन्सिल हातात घेतली. "मी केस ओले काढते, बाकीचं तुम्ही निस्तरा. पुढची ओळ मात्र आत्ताच सांगा. रडणं सोडून."

कादंबरीकारांनी कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"ती... नवऱ्याकडे परत येते?"

"कशाला?" खोडरबर आणि संपादक एकदमच म्हणाले.