माझ्या अंगावरची खालची रेघ

हसू नका, मी टाकी बोलतेय. टाकी तरी कसली, अर्धीच. वरची अर्धी कापून कुणाच्या गोठ्यात गेली, देव जाणे. तोंडवलीच्या किनाऱ्यालगत सत्यवानाचं होमस्टे आहे, त्याच्या गेटपाशी सध्या माझा मुक्काम. माझ्यावर एक हिरवं कासव रंगवलंय, त्याला माणसासारखे दात काढून हसवलंय, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कासव पुनर्वसन केंद्र'. आत काय आहे म्हणाल, तर माती आणि सदाफुली.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. कसालच्या बाजारातून टेम्पोत घालून सत्यवानानंच मला आणलं. सात वर्षं त्याच्या छपरावर उन्हात तापत मी पाहुण्यांना आंघोळीचं पाणी पुरवलं. मग एका मे महिन्यात मला वरच्या अंगाला तडा गेला आणि त्यानं मला माडाखाली लोटून दिलं. गरज सरो, वैद्य मरो! एकानंही वळून पाहिलं नाही.

मला उचललं मथुरेनं. मथुरा शेजारच्या वाडीतली मासेविक्रीण, तिचा नवरा गुरुदास होडी घेऊन दर्यावर जाणारा. पावसाळ्यात तुटक्या जाळ्यांत गुरफटलेली कासवं इथल्या वाळूवर येऊन पडतात. लोक बघतात, हळहळतात आणि घरी जातात. मथुरेला ते जमलं नाही. एका जनावरांच्या डॉक्टराच्या पाठी लागून ती जखमा धुवायला, औषध टोचायला शिकली. वनखात्याचा माणूससुद्धा नोंद करून कासव तिच्याच हवाली करायचा. तिनं माझी फुटकी अर्धी कापून काढली आणि मला आपल्या पडवीत ठेवलं. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत.

गेल्या आषाढात ती कासवीण आली. पुढचा उजवा पाय जाळ्यानं अर्धा कापलेला, आणि त्याहून वाईट म्हणजे पोटात वायू धरलेला. पाण्यात सोडली की एका कुशीवर तरंगायची, बुडी मारायचा प्रयत्न करायची आणि पुन्हा वर यायची. जिला बुडी मारता येत नाही, तिला दर्यात ना खायला मिळत, ना लाटांपासून लपता येत. मथुरा तिला 'बाय' म्हणायची. रोज समुद्रावरून कळशीनं पाणी आणून मला कोपरभर भरायची, खाडीतली कोळंबी सोलून तिच्या तोंडाशी धरायची. माझ्या आतल्या अंगावर त्या पाण्याची पांढरी खारी रेघ उमटली होती, अगदी वर, काठाच्या जरा खाली.

मग मथुरेच्या फोनवर बातमी आली. जखमी वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी लांबच्या शहरात पाच दिवसांचं शिबिर होतं. जाण्यायेण्याची सोय त्यांचीच. डॉक्टर म्हणाले, "मथुराबाई, अशी संधी पुन्हा येणार नाही. तिथे हा वायूचा आजारच शिकवणार आहेत." पण ती बायला सोडून जाईना.

"जा गो तू," गुरुदास म्हणाला. "पाच दिस मी बघतंय."

"पाणी रोज बदलाक व्हया. आणि ऐका, बुडी मारून ती टाकीच्या तळाक बसाक व्हयी. तवसर कोणी काय सांगूदे, सोडू नकात."

"नाय सोडूचंय. माका काय समाजणा नाय?"

गुरुदास वाईट माणूस नव्हे, हे मी आजही म्हणते. पण त्याचे गुडघे दुखायचे, नारळी पुनव तोंडावर आलेली, होडीची डागडुजी अर्धी राहिलेली. पहिल्या दिवशी त्यानं मला धुतलं आणि परत भरताना चार कळश्यांवर थांबला. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. वीतभर पाणी! त्यात बायचं पोट माझ्या तळाला लागलं. मला तर लगेच कळलं. ती बुडाली नव्हती, पाणी उतरलं होतं.

आणि हा वाकून बघतो तर काय, कासवीण तळाशी! "बसली, बसली!" म्हणून भाबडेपणी वाडीभर सांगून आला. अहो, किती ओरडले असते मी, पण टाकीला तोंड असलं तरी आवाज कुठे असतो!

सत्यवानाला तेवढं पुरलं. त्याचं होमस्टे पाहुण्यांनी भरलेलं होतं. "गुरुदास, पुनवेक आपण दर्याक नारळ देतंव, आणि दर्याचाच लेकरू पडवीत कोंडून ठेवतंव? बरा दिसता काय ता?"

"मथुरा येवंदे मरे. दोन दिसांनी येतली."

"मथुरा येयपर्यंत पुनव थांबतली काय? परवानगीचा मी बघतंय. तळाक बसली ना? मगे?"

परवानगी कुणाकडे मागितली, कुणी दिली, मला विचारू नका. पण दर्याचं दर्याला देण्याच्या दिवशी नाही म्हणायला गुरुदासची जीभ रेटेना. पुनवेला बायच्या पाठीला हळद-कुंकू लावलं, हार घातला, सोनेरी कागद लावलेल्या नारळाबरोबर तिला वाजतगाजत नेलं. सत्यवान पुढे, पाहुणे फोन उगारून मागे. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, 'जखमी कासवाला जीवदान'. तिकडे शिबिरात ती वाचून सगळ्यांनी मथुरेसाठी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिला तिथेच रडू कोसळलं. लोकांना वाटलं, आनंदानं.

मथुरा प्रमाणपत्र घेऊन आली त्याच दिवशी देवबागहून कुणीतरी फोटो पाठवला. वाळूवर मरून पडलेली कासवीण, पुढचा उजवा पाय अर्धा. ही बातमी कुठेच छापून आली नाही.

ती पडवीत आली, चप्पलसुद्धा काढली नाही. माझ्यात वाकली आणि वरच्या पांढऱ्या रेघेवर हात ठेवला. मग बोट खाली खाली नेलं. तळापासून वीतभर वर दुसरी रेघ होती, ताजी. त्यावर तिचं बोट थांबलं.

"इतक्याच पाणी घातलात?"

गुरुदासनं कोपऱ्यातली कळशी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मियां तुमका काय सांगललंय?" एवढंच म्हणून ती खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुदास त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःहून पाणी आणून मला काठोकाठ भरायचा. माझ्यात कोणी नसताना. बघवायचं नाही हो.

सत्यवानाला सत्कारावर सत्कार मिळाले. एक दिवस तो येऊन "मूळ टाकी माझीच" म्हणाला आणि मला घेऊन गेला. मथुरा भांडली नाही, तिच्यातलं भांडणच संपलं होतं. यंदा पावसात तिच्याकडे पुन्हा एक कासव आलं, तेव्हा मात्र ती गेटपाशी आली. "टाकी देतंस काय रे चार दिस?" सत्यवान म्हणाला, "पाहुणे फोटो काढतत गो हिच्याबरोबर. आणि झाडांका फुलां इलीहत." ती गेली. आता पडवीत खड्डा खणून, ताडपत्री घालून तिनं त्यात पाणी भरलंय म्हणतात.

शिबिराची बातमी यंदाही आली. या वेळी सत्यवान जातोय.

तुम्ही कधी इकडे आलात, तर माझ्याबरोबर जरूर फोटो काढा, तुम्हाला कोण अडवणार? पण एक करा. ती सदाफुली जरा बाजूला सारा, माती उकरा आणि आतून हात फिरवा. तळापासून वीतभरावर बोटाला काहीतरी खरखरीत लागेल. बाहेरून कितीही रंगवलं तरी आतून मला कुणी पुसलेलं नाही.