चार दिवसांची बहिरी

"हे एकेचाळीस सेकंद कुठे गेले, बाई?"

टाइप केलेला कागद मॅडमनी टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. एक म्हातारी हसत सांगत होती, "एकदा शहरात चार दिवस बहिरी होते मी." मग मॅडमचाच आवाज, "बहिरी? कुणी केलं तुम्हाला बहिरी?" त्यापुढे काहीच नाही. एक भांडं सरकलं, लांब कुठे कोंबडी कुरकुरली. बऱ्याच वेळाने म्हातारी म्हणाली, "आता आठवत नाही."

कागदावर प्रश्नाखाली लगेच उत्तर होतं.

"राहून गेलं असेल, मॅडम," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"एखादं राहिलं असतं तर विचारलं नसतं. काल चौदाच्या चौदा मुलाखती ताडून पाहिल्या. एकही थांबा नाही. किती सेकंद थांबले ते कंसात लिहा, एवढं एकच सांगितलं होतं मी."

भाषा विभागात बाईंना अठरा वर्षं झाली होती. बाईंना शिंक आली तरी ओळ चुकत नाही, असं तिथला शिपाई सांगे. मॅडमचं काम होतं दगडखाणीच्या वस्तीतल्या बोलण्यावर; त्यासाठी वर्षभर तिथे राहून त्या घरच्यासारख्या झाल्या होत्या. तिथे घरच्या माणसाने काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही अशी रीत. प्रश्न आधी मनात नीट ठेवून घ्यायचा, मग बोलायचं. तडकाफडकी उत्तर द्यायचं ते ट्रकवाल्याला, मुकादमाला, परक्याला. मॅडमना वाटे, ही सवय सुरुंगाच्या कामातून आली असावी. 'वात पेटवू का?' असं वरून कुणी विचारलं आणि खालच्याने घाईने 'हो' म्हटलं, की माणसं जात.

बाई त्याच वस्तीत जन्मल्या होत्या, हे मात्र मॅडमना माहीत नव्हतं. नोकरीच्या अर्जावर त्यांनी सासरचा पत्ता लिहिला होता.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासरी त्यांचं नाव 'ठोंबी' पडलं. सासूबाई विचारायच्या, "भाजीत मीठ घातलंस का?" आणि ही आपली गप्प. "अगं, घातलंस की नाही? उत्तराला मुहूर्त काढू का?" सगळं घर हसायचं. मग त्या शिकल्या. इतक्या शिकल्या, की समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत यांचं उत्तर तयार.

मुलगी झाली तेव्हा मावशी चार दिवस राहायला आली. आई लहानपणीच गेलेली. बाईंना वाढवलं ते या मावशीने. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या आणि मावशीला म्हणाल्या, "काय, प्रवास कसा झाला?" भाचीचं घर ते आपलंच, म्हणून मावशीने प्रश्न ठेवून घेतला. काकूंनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी छताकडे. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तिला ऐकू येत नाही हो," त्या घाईने म्हणाल्या. "जरा मोठ्याने बोला."

मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग हात कानामागे नेला आणि काकूंना म्हणाली, "काय म्हणालात?"

चार दिवस तिचा हात कानामागे होता. सासूबाई तिच्या कानाशी ओरडून ओरडून घसा बसवून बसल्या. त्या आतल्या खोलीत कुजबुजत, "ही ठोंबी, ती बहिरी, चांगलं खानदान आहे!" आणि मावशी पलीकडे दुपटं घडी घालत बसलेली असे. निघताना बस आल्यावर तिने बाईंना विचारलं, "नीट झालं ना गं माझ्याकडून?"

"हो, हो," बाई लगेच म्हणाल्या होत्या.

त्यानंतर त्या वस्तीत दोनदाच गेल्या, तेही उभ्या उभ्या.

मॅडमच्या मुलाखती आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी कंसात 'बारा सेकंद' टाइप केलं आणि खोडून टाकलं. हे वाचून विभागात कुणीतरी हसणार, असं त्यांना वाटलं. मग सगळेच थांबे गाळले. नवव्या मुलाखतीत हेडफोनमधून मावशीचा आवाज आला. ते एकेचाळीस सेकंद त्यांनी पाचदा ऐकले, आणि तेही गाळले.

"माझा निष्कर्षच उलटा झाला, बाई," मॅडम म्हणत होत्या. "तुमच्या कागदांवरून मोजलं आणि वस्तीतली माणसं शहरातल्यासारखीच झटपट बोलतात, माझ्याच ऐकण्यात चूक झाली, असं लिहून बसले मी. परवा सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं."

डोळ्यांचा नंबर वाढलाय, असं सांगता आलं असतं. ते वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"तिला बहिरी मी केलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "माझी मावशी आहे ती. आणि तिला सगळं आठवतंय."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी यंत्र बंद केलं, पाण्याचा ग्लास बाईंपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा टाइप कराल?"

बाईंनी तीन आठवडे हाताशी घड्याळ ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. शेवटचा कागद दिला त्या रविवारी त्या वस्तीत गेल्या.

मावशी दारात तीन बायकांबरोबर शेंगा सोलत बसली होती. एकीने विचारलं, "उद्या पाणी येईल का गं?" मावशी शेंगा सोलत राहिली. कुणाला घाई नव्हती. दोन शेंगा झाल्यावर ती म्हणाली, "येईल, पण संध्याकाळी."

मग तिचं लक्ष बाईंकडे गेलं. बाई वाटेतच उभ्या होत्या. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरलं होतं.

"मावशी, तेव्हा मी तुला बहिरी म्हटलं. सगळ्यांसमोर. माझं फार चु—"

"छे गं, त्यात काय एवढं!" मावशी झटकन म्हणाली. चेहरा हसरा होता, आवाज गोड. "बस वेळेवर मिळाली ना? लेक बरी आहे? जावई?"

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, आतून खुर्ची घेऊन आली. फडक्याने ती दोनदा पुसली, बाईंपुढे ठेवली, आणि स्वतः पुन्हा त्या तिघींत खाली जाऊन बसली.