सातवं मत

मित्रांनो, टेलिफोनची तार आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगायचं, हे माझं काम होतं. मला मोडेम म्हणत. आता मी म्हातारा झालो आहे आणि नगरच्या सावेडी भागात सुनीलच्या घरी टेबलाच्या खालच्या खणात पडून असतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याचा राग मी तुमच्यावर काढणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. १९९६ साली सुनीलनं मला पुण्यात विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून नगरला आणलं. तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. पहिल्यांदा त्यानं मला तारेला जोडलं, तेव्हा मी नेहमीसारखा गळा काढला. त्याची आई राहीबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

"आरं सुनील, डब्यात मांजर कोंडलंय का काय? किती वराडतंय!"

मला तो अपमान वाटला. पण पुढे तीच माऊली माझ्यावरची धूळ रोज पदरानं पुसू लागली.

सुनील आणि त्याचे सहा सोबती मिळून गावोगावच्या वाचनालयांसाठी एक प्रोग्राम लिहीत होते. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, हे त्यात दिसणार होतं. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून आत पाहावा, चूक दिसली तर सुधारावी, असा त्यांचा विचार होता. सात जण सात ठिकाणी राहायचे. म्हणून सुनीलनं कॉम्प्युटरवर एक फलक सुरू केला. सकाळी सहा ते आठ या वेळात कुणीही आपल्या मोडेमवरून त्याच्या घरी फोन लावायचा. तो मी उचलायचो. आधीचे निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी लाइन मोकळी करायची. त्या दोन तासांत या घरात माझ्याइतका मान कुणालाच नव्हता.

सर्वांत लांबलचक निरोप दीपाचे असत. ती संगमनेरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. दार उघडण्याआधी ती तिथल्या कॉम्प्युटरवरून रोज सातला मला गाठायची. वाचक कसे वागतात हे सातांमध्ये तिलाच ठाऊक होतं. बाकीचे सहा हुशार होते, पण त्यांनी वाचनालय बाहेरूनच पाहिलेलं.

दोन वर्षांनी इंटरनेटवरच्या गप्पांचं वारं आलं. त्यात सगळे एकाच वेळी लिहू शकत आणि एकाचं लिहिलेलं सगळ्यांना लगेच दिसे. केडगावचा चेतन तर हरखूनच गेला. "फलकावर आज विचारलं की उद्या उत्तर. आपण काय पत्रं टाकत बसायचं का?" असं तो सुनीलला म्हणाला. त्याचं अगदीच चूक नव्हतं. मग फलक ठेवायचा की गप्पांवर जायचं, यावर मत घ्यायचं ठरलं.

आणि मित्रांनो, इथेच या शहाण्यांनी घोळ घातला. हे मत त्यांनी गप्पांमध्येच घेतलं, तेही रविवारी सकाळी दहाला. रविवारी संगमनेरच्या वाचनालयात पाय ठेवायला जागा नसते. शिवाय तिथे इंटरनेट नव्हतं. जे सहा जण गप्पांना आले, त्यांनी गप्पांना मत दिलं. न देऊन सांगतात कुणाला! सुनीलनं फलकावर लिहिलं, "एकमतानं ठरलं. पुढच्या महिन्यापासून फलक बंद."

सोमवारी सातला दीपानं तो निरोप वाचला. परत एकदा वाचला. काहीही न लिहिता तिनं फोन ठेवला, आणि मंगळवारपासून तिचा फोन आलाच नाही. मी मात्र सात वाजले की कान टवकारून बसायचो.

महिना संपायच्या आत नेवाशाकडच्या एका गावातून फोन आला. तिथल्या वाचनालयात आप्पासाहेब हा प्रोग्राम वापरून पाहत होते. घरचा फोन आणि मी एकाच तारेवर, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"सुनीलराव, आमच्याकडं एका कार्डावर अख्खी आळी वाचती. कार्ड झुंबरबाईंचं, पर पुस्तकं नेत्यात तिन्ही सुना अन् शेजारीन. तुमचा प्रोग्राम म्हनतो, दुसरं पुस्तक मिळनार न्हाई. बायांना काय सांगू मी? आमी आपली वहीच लई बरी."

सुनीलनं आप्पासाहेबांचा फोन ठेवला. मग त्यानं संगमनेरला फोन लावला.

"दीपाताई, असं कार्ड तुमच्याकडेही असतं?"

"असतं की. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"तुम्ही एकदम येणंच बंद केलंत."

"सर, तुम्ही लिहिलंत, एकमतानं ठरलं. मग मी कुणात होते? तुम्ही मत घेत होतात तेव्हा मी पुस्तकं देत होते. ज्यांच्यासाठी तुमचा प्रोग्राम आहे, त्यांनाच."

सुनीलच्या तोंडून "चुकलं" एवढंच निघालं. त्याच दिवशी, दीपाला फोनवर सांगूनच, त्यानं मतदान नव्यानं मांडलं, या वेळी फलकावर. आठ दिवसांची मुदत, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. दीपा परत येणार की नाही, याचाच त्याला घोर लागला होता.

खोटं कशाला बोलू, मला दीपाची काळजी होती तसा त्यात माझा स्वार्थही होता. ती फलकाची बाजू घेईल आणि माझी नोकरी वाचेल, असं मी धरून चाललो होतो. सात दिवसांत सहा मतं आली. दीपाची अडचण कळल्यावर तिघं फलकाकडे वळले होते, तिघं गप्पांवरच ठाम होते. आठव्या दिवशी पावणेआठपर्यंत काहीच नाही. राहीबाई बहिणीला फोन करायला आली, तेवढ्यात घंटी वाजली आणि मी गळा काढला. तिनं रिसीव्हरवरचा हात झटकन मागे घेतला.

"दीपाच असंल. बोलू दे तिला," असं म्हणून ती तिथेच खुर्चीवर बसून राहिली.

एकेक अक्षर माझ्यातूनच गेलं. "माझं मत गप्पांना. मलाही सगळ्यांशी एका वेळी बोलायचंय. इथल्या कॉलेजात बुधवारी सकाळी इंटरनेटवर बसू देतात, ते विचारून येण्यात आठ दिवस गेले. फक्त रविवार बदला."

सुनीलनं ते वाचलं आणि खुर्चीवर मागे रेलून मोठ्यानं हसला. राहीबाईनं विचारलं, "काय म्हनती?"

"येते म्हणते, आई."

फलक बंद झाला. गप्पांसाठी माझ्याहून वेगवान मोडेम आला आणि मी खणात गेलो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरा जपा, एवढं मी म्हणेनच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुम्ही चार जण मिळून काही ठरवाल, तेव्हा जो आलेला नाही त्याला आधी विचारा, आणि त्याला जमेल अशा जागी विचारा. तो तुमच्याच बाजूचा निघेल असं नाही. दीपा माझ्या बाजूची निघाली नाही. तरी त्या सकाळी तिचा फोन मी उचलला, याचा आनंद मला अजून आहे.