चाळीस हजार मिशा

मी भिंतीवरून बोलतोय. युद्धाच्या काळातलं सरकारी पोस्टर आहे मी. माझ्यावर एक चेहरा होता आणि खाली लाल ठळक अक्षरं: ‘अनोळखी माणसावर नजर ठेवा. शत्रू असाच दिसतो.’

माझा जन्म प्रचार खात्याच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे सात चित्रकार शेजारीशेजारी बसून देशप्रेम रंगवायचे. एकाकडे फक्त वीरमाता, एकाकडे फक्त विमानं. मला काढणाऱ्याच्या वाट्याला शत्रू आला होता. त्याचा पहिला शत्रू साहेबांच्या मेव्हण्यासारखा दिसला, म्हणून नापास. दुसरा जरा जास्तच देखणा झाला.

“संध्याकाळपर्यंत चेहरा हवा,” साहेब म्हणाले. “बघताक्षणी राग आला पाहिजे!”

घाईत हात तेच काढतो, जे त्याला पाठ असतं. या हाताला वडील पाठ होते. ते घड्याळं दुरुस्त करत तासन्‌तास न हलता बसायचे, म्हणून लहानपणी तो त्यांनाच समोर ठेवून चित्रं शिकला होता. भिंग लावून लावून बारीक झालेला डावा डोळा, भरघोस मिशी, पुढे झुकलेली मान.

“वा! काय कपटी डोळा आहे!” साहेब खूश झाले.

आपण कुणाला काढलंय, हे चित्रकाराला तेव्हा कळलं. तो म्हणाला, “थँक्यू, सर.”

माझ्या चाळीस हजार प्रती निघाल्या. मला नेमकं चित्रकाराच्या वडिलांच्या दुकानासमोर चिकटवलं.

पहिल्या दिवशी वडील हसले. “मिशी छान जमलीय रे!” मग गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. कुणीतरी दुकानाची काच फोडली. आठवड्यात दोनदा त्यांना चौकीवर नेलं आणि माझ्या तिथल्या प्रतीशेजारी उभं करून ताडून पाहिलं. शेवटी चित्रकार साहेबांकडे गेला.

“पोस्टर चुकलं असं खातं कसं म्हणेल?” साहेब शांतपणे म्हणाले. “चाळीस हजार मिशा पुसायच्या, की एक? तूच सांग.”

चित्रकाराने दुकानात वडिलांच्या मिशीला साबण लावला.

“सावकाश, बाळा,” वडील म्हणाले. “तू घाईत काय करतोस ते आख्ख्या देशाने पाहिलंय.”

मिशी गेली आणि ओळखच गेली. वीस वर्षांपासूनचा शेजारी विचारू लागला, “आपण कोण? इकडे नवीन दिसता.” लोक आज्ञाधारक. अनोळखी माणसावर नजर ठेवा, असं मीच तर सांगत होतो. तिसऱ्याच दिवशी वडील पुन्हा चौकीवर. आधी ते शत्रूसारखे दिसत म्हणून पकडायचे, आता कुणासारखेच दिसत नाहीत म्हणून. या वेळी मात्र त्यांना सोडेनात.

भर दुपारी चित्रकार धावत आला आणि माझ्यावर नखं चालवू लागला.

“हा शत्रू नाही! माझा बाप आहे! मी काढलाय!”

“सरकारी पोस्टर फाडतोस?” शेजारी ओरडला. “धरा रे याला!”

धरलं. खरा शत्रू सापडल्यामुळे वडिलांना त्याच संध्याकाळी सोडून दिलं.

चित्रकार तीन वर्षांनी सुटला. तोवर तह झाला होता आणि दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना हार घालत होते. साहेब शांतता खात्यात गेले, तिथेही मोठ्या पदावर. चित्रकार आता वडिलांच्या शेजारी बसून घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे रंगवतो. माणसं काढत नाही. वडील अधूनमधून म्हणतात, “एकदा काढ ना मला, नीट.” तो मान वर करत नाही.

माझं म्हणाल, तर त्याने चेहरा फाडला तेवढ्यात त्याला नेलं. लाल अक्षरं तशीच राहिली. सरकारी खळ मोठी चिवट! काल एक नवीन भाडेकरू माझ्यासमोर बसची वाट बघत उभा होता. शेजाऱ्याने खालचं वाक्य वाचलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

तुम्ही रोज इथून जाता. कोमट पाणी आणा, पत्र्याची पट्टी आणा आणि मला खरवडून काढा. सुरुवात अक्षरांपासून करा.