मनकर्णाबाईची ओवी

१९८६च्या उन्हाळ्यात मनकर्णाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुलगावजवळच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवणारी ही बाई ओव्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेली. आता तिला नुसतं कुजबुजता यायचं.

तिची लेक कोकिळा पुलगावच्या एका ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायची. वर्ध्याच्या कॉलेजातले प्रभाकरराव पूर्वी गावोगाव फिरून लोकगीतं टेप करत. त्यांनी मायच्याही ओव्या घेतल्या होत्या, हे तिला आठवलं. ती त्यांच्याकडे गेली आणि जुन्या रिळावरून कॅसेट भरून घेऊन आली.

आधी जात्याची घरघर, मग बांगड्या, मग मायचा भरदार गळा:

दयन दयते बाई, जवारीचं पांढरं पीठ
माह्या लाडाच्या लेकीले नको लागू कोनाची दीठ

"किती जवान होती वं मी," मनकर्णाबाई कुजबुजली.

हा आवाज स्टेजवर न्यायचा, असं कोकिळेने तिथेच ठरवलं. ढोलकी नाही, ठेका नाही. कॅसिओवर एकेक सूर लांब धरायचा, माळरानासारखा पसरू द्यायचा आणि त्यावर ओवी सोडायची. तिने खटपट करून सूर जुळवले आणि मायला ऐकवलं.

"जातं कुठी गेलं?" माय म्हणाली. "तुह्या बाजानं खाऊन टाकलं त्याले."

कोकिळा रुसली. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. सकाळी तिने नुसती घरघर ऐकली, तिच्यातला खालचा सूर पकडला आणि बाकीचं सगळं काढून टाकलं. आता माय शेजारी बसू लागली. सूर जास्त झाला की लेकीच्या मनगटावर हात ठेवायची.

ऑर्केस्ट्राचे मालक भैय्याजी ऐकून हसले. "ताल नाई, नाच नाई. लोक काऊन ऐकतील? शिट्ट्या मारतील."

"मारू द्या. एकदा वाजवू द्या मले, मंग सांगजा."

शारदोत्सवात मैदान भरलं होतं. टेपचं बटण मनकर्णाबाईने दाबलं. घरघर सुरू झाली, तिच्याखालून कोकिळेचा सूर हळूहळू वर आला. मागून शिट्टी वाजलीच. "मशीन बिघडली का?" कुणी ओरडलं. पण कोकिळेने सूर सोडला नाही.

मग ओवी आली. बायकांच्या बाजूला एक म्हातारी ओवीसोबत गुणगुणू लागली. दुसरीने साथ धरली, मग ओळच्या ओळ. मागची पोरं गप्प झाली. टेपवरची ओवी संपली, तरी बायका थांबल्या नाहीत. एकीनं आपल्या माहेरची ओवी काढली, दुसरीनं तिला जोडून भावाची. कोकिळा त्यांच्या मागे सूर नेत राहिली. मनकर्णाबाई खुर्चीतून उठली आणि हात वर करून मैदानभर पसरलेल्या त्या आवाजाला लय देऊ लागली. तिचे ओठ हलत होते. तिचा गळा आता शेकडो जणींकडे होता.

टाळ्या थांबेनात. भैय्याजी विंगेतून धावत आले.

"मनकर्णाबाई, पुढच्या हप्त्यात जाम गावाले प्रोग्राम आहे. तुमचं पयलंच ठेवतो."

त्यांना ऐकू यावं म्हणून मनकर्णाबाई त्यांच्या कानाशी वाकली.

"पयलं नाई, शेवटचं ठेवजा. आमच्यानंतर तुमचं कोन ऐकीन?"