सकवारबाईंची रबरी रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रबरी रिंग आहे. माझा रंग विटकरी, रुंदी पावणेतीन इंच. मी बांगडीसारखी दिसते, पण माझी जागा मनगटावर नाही. माझं काम अंगाच्या आत चालतं, म्हणून मोठी माणसं माझ्याबद्दल कुजबुजतच बोलतात. मी मात्र मोकळेपणानं सांगणार आहे. आपल्या शरीराची माहिती घेण्यात लाजण्यासारखं काही नसतं.

आधी एवढं समजून घ्या. आईच्या पोटात एक पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात. बाळ तिच्यातच वाढतं. ही पिशवी अधांतरी लटकत नाही. खालून स्नायूंची झोळी तिला उचलून धरते आणि वरून मजबूत दोर तिला सावरतात. बाळंतपणात हे सगळं ताणलं जातं. पुढं विश्रांती मिळाली तर बरंचसं पूर्ववत होतं. पण ओल्या बाळंतिणीनं जड ओझी उचलली किंवा पाठोपाठ बाळंतपणं झाली, तर झोळी ढिली पडते आणि पिशवी खाली सरकते. बायका याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्यात झाला. एकोणीसशे सत्तावन्न साली मी बंगळूरला, शिवाजीनगरात डॉक्टर सुलभाबाईंच्या दवाखान्यात आले. तिथल्या काचेच्या कपाटात आम्ही सात बहिणी मापाप्रमाणे ओळीनं बसत असू. सगळ्यांत मोठीला फार गर्व होता. तिला कधीच कुणी बाहेर काढलं नाही.

एके दिवशी सकवारबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, हसऱ्या, पण पाय फाकवून हळूहळू चालणाऱ्या.

“काय होतंय, अक्का?” सुलभाबाईंनी विचारलं.

“काही नाही हो. कंबर स्वल्प दुखते.”

“कधीपासून?”

“प्रताप झाल्यापासून.”

“केवढा आहे प्रताप?”

“मिशी फुटलीय त्याला!”

दोघीही हसल्या. मग दार लावून तपासणी झाली. सुलभाबाईंनी पाटीवर चित्र काढून सगळं समजावलं.

“पिशवी थोडीच उतरली असेल तर व्यायाम पुरतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ना, तेच इतर वेळी आवळायचे, पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचे. रोज, न चुकता. जास्त उतरली असेल तर आत रिंग बसवतात, ती पिशवीला टेकू देते. नाहीतर ऑपरेशन. अजून मुलं हवी असतील तर पिशवी तशीच ठेवून दोर आवळून घेतात. तुमच्या वयाला पिशवी काढून झोळीला टाके घालता येतील. पण तुमच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा आत्ता रिंग.”

“सरी, ठीक आहे, घाला,” सकवारबाई म्हणाल्या.

माझी एक धाकटी बहीण बसवली. सकवारबाई खोकल्या आणि ती टुणकन बाहेर! माझ्याहून एक माप मोठी बसवली तर ती टोचली. मग माझी पाळी आली.

“खोका. उकिडव्या बसा. आता चाला.”

सकवारबाई दारापर्यंत चालत गेल्या, वळल्या आणि ओरडल्याच, “अगंबाई! मी हलकी झाले की हो!”

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता.

मला बाहेर काढून साबणानं धुवायचं आणि पुन्हा बसवायचं, हे त्या शिकल्या. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात दाखवून यायचं, हेही ठरलं. घरात मात्र कुणाला पत्ता नव्हता. त्यांचे यजमान हणमंतराव यशवंतपूरला पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करत. एका दुपारी मी खिडकीत वाळत होते. त्यांनी मला उचललं, दाबून बघितलं आणि विचारलं, “अगं, हे कुठल्या पंपाचं वॉशर?”

“माझ्या!” सकवारबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळंच सांगितलं. हणमंतरावांनी मला अलगद खिडकीत परत ठेवलं.

“इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? तुम्ही कधी विचारलं?”

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घागरी हणमंतराव भरू लागले. गल्लीतली माणसं थट्टा करत. ते म्हणत, “पाण्याचं काम माझंच आहे!”

अडीच वर्षं अशी मजेत गेली. मग सकवारबाईंकडून एक चूक झाली. काही दुखत नाही, तर दाखवायला कशाला जायचं, असं त्यांना वाटलं. सहा महिने त्यांनी मला बाहेरही काढलं नाही. माझ्या घासण्यानं आतली कातडी सोलवटली आणि रक्ताचे डाग दिसू लागले. सुलभाबाई चांगल्याच रागावल्या. त्यांनी मला काढून ठेवलं आणि जखम भरू दिली. एव्हाना अंगात रक्तही वाढलं होतं. मग मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी सकवारबाई घरी परतल्या, जड काही उचलायचं नाही अशी ताकीद घेऊन. मी पत्र्याच्या डबीत पडून राहिले. आपल्याला आता कुणी विचारणार नाही, असं मला वाटलं.

पण पुढच्याच वर्षी प्रतापरावांच्या बायकोला, वसुमतीला मुलगी झाली. आणि बारावा दिवस जवळ आला.

या घरात एक रिवाज होता. बाराव्या दिवशी बाळंतिणीनं विहीर पुजायची आणि भरलेली पितळी घागर कमरेवर घेऊन घरी यायचं. वाटेत खाली ठेवायची नाही. गल्लीत नळ आले तरी हे चुकलं नव्हतं. सकवारबाईंनी पाच वेळा अशी घागर आणली होती. हणमंतरावांची थोरली बहीण अंबुबाई या रिवाजाबाबत फार कडक होत्या.

त्या सकाळी सकवारबाईंनी मला उकळत्या पाण्यातून काढून बटव्यात घातलं. विहिरीवर हळदकुंकू झालं. वसुमतीचे पाय लटपटत होते. अंबुबाईंनी घागर भरून पुढं केली. “उचल गं पोरी. आम्ही सगळ्यांनी उचललीय.”

“अंबुअक्का, ती उचलणार नाही,” सकवारबाई म्हणाल्या. सगळ्या बायका वळून बघू लागल्या.

“का? राणी आहे का ही?”

सकवारबाईंनी बटवा उघडून मला तळहातावर ठेवलं. “पाच घागरी आणल्या, त्याचं हे बक्षीस. अडीच वर्षं हिच्या आधारानं चालले, मग ऑपरेशन झालं. माझ्या सुनेला हे नको.”

मी एकीच्या हातून दुसरीच्या हाती फिरत होते.

“मग घागर न्यायची कुणी?” अंबुबाईंनी विचारलं.

“बाळाच्या बापानं.”

“पुरुषानं कधी नेलीय?”

“आज नेईल. बघा तरी!”

प्रतापरावांना हाक गेली. ते आले, त्यांनी घागर कमरेवर घेतली, ती घसरली, मग खांद्यावर घेतली. घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी त्यांच्याच सदऱ्यावर होतं. सगळ्या बायका पोट धरधरून हसत होत्या. वसुमती तर सगळ्यांत जास्त!

अंबुबाई एकट्याच मागं राहिल्या. हातोहात फिरत मी शेवटी त्यांच्याच मुठीत आले होते. मग सकवारबाईंना गाठून त्या कानाशी हळूच म्हणाल्या, “ती तुझी डॉक्टरीण... म्हाताऱ्या बायकांनाही बघते का गं?”

“बघते की! उद्याच जाऊ, अक्का.”

दुसऱ्या दिवशी त्या दोघींबरोबर मीही दवाखान्यात गेले आणि तेव्हापासून सुलभाबाईंच्या टेबलावरच असते. नव्या आलेल्या बायका मला हातात घेऊन बघतात, मग त्यांची भीती जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात बाळंतीण असेल तर तिची बादली तुम्ही उचला. एकट्यानं झेपली नाही, तर दोघांनी मिळून उचला. पाणी सांडलं तरी चालेल.